दुपारची झोप अर्ध्या तासावर आली

प्रश्न : माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. आधी दुपारी दोन तास झोपायची, आता अर्ध्या तासात उठते. दूधही मध्येच सोडते. सासूबाई म्हणतात, पोट भरत नाही, नाचणीचं सत्त्व सुरू कर. काय करू?

उत्तर : सत्त्व आत्ता नको. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. वरचं पाणीही नको. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण पोट भरतं की नाही हे झोपेवरून ठरत नाही. दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय.

या वयात झोपेची घडण बदलते. एक आवर्तन संपलं की बाळ जागं होतं, म्हणून डुलक्या तुटक होतात. चोवीस तासांत मिळून १२ ते १६ तास झोप पुरेशी. उठल्यावर दीड-दोन तासांत डोळे चोळू लागली की लगेच निजवा; फार दमलेलं बाळ उलट झोपत नाही. आणि दूध सोडते ती बहुधा आजूबाजूला बघण्यासाठी! टीव्ही बंद, खोलीत अंधूक उजेड, असं पाजून पाहा. दिवसा कमी प्यायलेलं ती रात्री भरून काढेल, तेव्हा पाजायला कचरू नका. मात्र लघवी कमी झाली, बाळ मलूल वाटलं किंवा वजन थांबलं, तर बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा.