बिटकॉइनचा प्रोग्राम: आरंभ कोठून?

प्रश्न : पायथॉन येते, वॉलेट व एक्स्चेंज यांच्या एपीआयवर प्रोग्राम लिहिण्यास आरंभ कोठून करावा?

उत्तर : चाचणीसाठीच चालविलेल्या टेस्टनेटवर प्रथम हात बसवावा, आणि एक्स्चेंजकडून मिळणारी एपीआय-की केवळ शिल्लक पाहण्यापुरतीच मुखत्यारी देणारी घ्यावी, रक्कम काढण्याचा अखत्यार तिला देणे म्हणजे नवख्या मुनिमाच्या हाती तिजोरीची किल्ली सोपविणे होय. वॉलेटची खासगी की निराळी; ती परक्याच्या हाती पडून नाणी गेली, तर ती परत मिळवून देणारी कचेरी बिटकॉइनच्या जाळ्यात नाही. हिशेब सातोशीच्या पूर्णांकांतच ठेवावा, कारण एका बिटकॉइनचे 10,00,00,000 सातोशी होतात, आणि पायथॉनला 0.1 व 0.2 यांची साधी बेरीज विचारली असता उत्तर 0.30000000000000004 असे येते. कोणतीही की प्रोग्रामच्या मजकुरात कदापि लिहू नये.