केमो लांबली म्हणजे औषध लागू पडलं नाही?

प्रश्न : वडिलांचा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरलाय. सहा महिने केमो झाली, तरी डॉक्टर पुढेही घ्या म्हणतात. औषध वाया गेलं का? – एक लेक, केज

उत्तर : नाही, ताई. गाठ वाढली असती तर औषधच बदललं असतं. तेच चालू ठेवतात, ते बहुधा आजार आटोक्यात आहे म्हणून. पसरलेला आजार मुळासकट जात नाही, पण त्याला लगाम बसतो. केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध असेल आणि त्याने हातपाय बधिर होत असतील, तर ते थांबवून सौम्य औषधावर ठेवता येतं, काहींना मध्ये विश्रांतीही देतात. बीआरसीए जनुकांची तपासणी झाली का, तेही डॉक्टरांना विचारा. बधिर पायांनी शेतात अनवाणी नको. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर मध्यरात्रीही अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा, सकाळपर्यंत थांबू नका. आणि पुढचे डोस हवेत का, हे वडिलांनाही विचारा.