जुनी मालमोटार : दुरुस्ती, किंमत आणि नफा

पावसाळ्यांत शेतमालाची वाहतूक मंदावते आणि एखादी जुनी मालमोटार विकावयास निघते. ज्या शेतकऱ्यास यंत्राची थोडी माहिती आहे व ज्याच्या खळ्यांत जागा आहे, त्यास ती घेऊन, दुरुस्त करून, ऊस-द्राक्षांच्या हंगामाच्या तोंडावर विकावी असें वाटणें साहजिक आहे. धंदा वाईट नाहीं. परंतु त्यांत माणूस बुडतो तो अनेकदां यंत्राच्या नव्हे, हिशेबाच्या अज्ञानामुळें. म्हणून किंमत कशी ठरवावी तें एका काल्पनिक उदाहरणानें पाहूं.

खरा पडता

समजा, एका शेतकऱ्यानें सहा चाकांची लहान मालमोटार २,२०,००० रुपयांस घेतली. इंजिन, क्लच व ब्रेक यांस ६२,०००. टायर व बॅटरी यांस ४४,०००. हौदा, पाटे व रंग यांस २८,०००. विमा, योग्यता-प्रमाणपत्र, कर व नोंदणी यांस २६,००० रुपये लागले. रोख खर्च एकंदर ३,८०,००० झाला. गाडी ४,२०,००० रुपयांस गेली, आणि ४०,००० नफा झाला असें त्यानें मानलें.

हा हिशेब अपुरा आहे. त्यानें स्वतः २० दिवस काम केलें. ६०० रुपये रोजाप्रमाणें ती मजुरी १२,००० होते. रक्कम ४ महिने अडकली. दरसाल दरशेकडा १२ प्रमाणें तिचें व्याज १५,२०० होतें. दलालास शेकडा २ प्रमाणें ८,४०० द्यावे लागले. हे ३५,६०० वजा जातां हातीं फक्त ४,४०० उरतात. मध्यें एखादा टायर फुटला असता तर तेही गेले असते.

बाजारापासून मागें यावें

आपण किती खर्च केला याच्याशीं गिऱ्हाइकास कर्तव्य नसतें. त्या गाडीस बाजारांत काय येतें एवढेंच तें पाहतें. म्हणून प्रथम त्याच बनावटीच्या, त्याच सालच्या निदान तीन गाड्या प्रत्यक्ष किती रुपयांस विकल्या गेल्या याची चौकशी करावी. मालकानें मागितलेली किंमत ही भाव नव्हे. हातीं आलेली किंमत हाच भाव.

आतां वरच्याच गाडीचा हिशेब खरेदीपूर्वी मांडूं. बाजारभाव ४,२०,०००. त्यांतून इच्छिलेला नफा ४०,०००, दलाली ८,४००, दुरुस्ती व कागदपत्रें १,६०,०००, मजुरी १२,०००, व्याज सुमारें १३,००० आणि न दिसणाऱ्या बिघाडासाठीं राखीव २०,००० वजा करावे. बाकी १,६६,६०० राहते. म्हणजे ही गाडी १,६५,००० च्या वर घेऊं नये. नफा विकतांना होत नाहीं, घेतांना होतो, हें यावरून ध्यानीं येईल.

कोणती दुरुस्ती फळते

ब्रेक, टायर, धूर, दिवे व सुकाणू यांवरील खर्च टाळतां येत नाहीं. त्यांवांचून योग्यता-प्रमाणपत्र मिळत नाहीं. मालवाहू वाहनास आठ वर्षांपर्यंत तें दोन वर्षांचें व पुढें एकेका वर्षाचें मिळतें. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून जुन्या वाहनांच्या शुल्कांत मोठी वाढ झाली आहे. म्हणून वय विचारांत घेतल्यावांचून भाव करूं नये. चकचकीत रंग, झालरी व भोंगे यांवरील पैसा सहसा परत येत नाहीं. जाड तेल घालून धूर झांकणें किंवा मीटर मागें फिरविणें हें तर पाप व मूर्खपणा दोन्ही आहे. पंचक्रोशींत एकदां नांव गेलें कीं दुसरी गाडी खपत नाहीं. उलट, प्रत्येक सुट्या भागाची पावती दाखविणाऱ्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतें.

मागणी आणि तळ

घासाघीस होणारच, म्हणून ४,४०,००० मागावे. परंतु ज्याखालीं जावयाचें नाहीं तो तळ आधींच वहींत लिहून ठेवावा. वाट पाहण्यासही मोल पडतें. ३,८०,००० रुपयांचें व्याज महिन्यास ३,८०० होतें. आज ४,१५,००० देणारा रोख गिऱ्हाईक परतवून दोन महिन्यांनीं ४,२०,००० मिळविले, तर ५,००० साठीं ७,६०० घालविले असें झालें.

कागदपत्रांविषयीं इशारा

खरेदीपूर्वी गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय तें पाहावें. असल्यास नमुना ३५ प्रमाणें तो उतरवून घ्यावा. विक्री होतांच नमुना २९ व ३० भरावे. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५० प्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत कळविणें आवश्यक आहे. हस्तांतर नोंदलें गेलें नाहीं, तर अपघाताची भरपाई नोंदीवरील मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. चार हजारांच्या नफ्यासाठीं विकलेली गाडी अशा रीतीनें जमीन विकावयास लावूं शकते. हा व्यवहार नित्याचा धंदा म्हणून करणारास १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी-प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्रही घ्यावें लागतें.

तात्पर्य, गाडी पाहण्यास जातांना पान्यापूर्वी पेन्सिल घ्यावी. ज्याची बाकी कागदावर जुळत नाहीं, ती खळ्यांतही जुळणार नाहीं.