अग्नी कुठे आहे? : आधुनिकतावादी कवितेतील प्रतीकांचा अभ्यास

पदवीच्या वर्गात इंग्रजी साहित्य शिकणारे आमचे काही माजी विद्यार्थी सुट्टीत विद्यालयात येतात, तेव्हा त्यांच्यासमवेत आम्ही शिक्षक एखादी कविता वाचावयास बसतो. अशाच एका बैठकीत टी. एस. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड' या दीर्घकवितेचा तिसरा खंड वाचून झाला. त्या खंडाचे नाव 'द फायर सर्मन', म्हणजे अग्नीविषयीचा उपदेश. वाचन संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, नाव अग्नीचे आहे, पण आत सगळीकडे नदी, ओला काठ आणि धुके. मग अग्नी कुठे आहे?" तिच्या हातातील मार्गदर्शिकेत 'अग्नी म्हणजे वासना, पाणी म्हणजे जीवन' असे उत्तर छापलेले होते. तयार उत्तर हाती असूनही तिला प्रश्न पडला, याचे आम्हांस समाधान वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा आम्ही मिळून केलेला अभ्यास होय.

प्रथम कवितेची ओळख. 'द वेस्ट लँड' म्हणजे ओसाड भूमी. ही कविता १९२२ साली प्रसिद्ध झाली. पहिले महायुद्ध संपून चारच वर्षे झाली होती. मूळचे अमेरिकेचे असलेले एलियट तेव्हा लंडनमध्ये एका बँकेत नोकरी करीत होते. पाच खंडांच्या या कवितेत सलग कथा नाही. एक आवाज बोलू लागतो, मध्येच थांबतो आणि दुसराच सुरू होतो. जुन्या ग्रंथांचे तुकडे आणि रस्त्यावरचे बोलणे शेजारी शेजारी ठेवलेले आढळते. युद्धानंतरचे जीवन कवीला भंगलेले दिसले, म्हणून त्याने कविताही अखंड ठेवली नाही. जुनी घाटणी मोडून नव्या अनुभवाला नवी रचना देण्याच्या या प्रवृत्तीस आपण आधुनिकतावाद म्हणतो. अशा कवितेत कवी स्वतः पुढे येऊन अर्थ सांगत नाही. तुकड्यांना जोडण्याचे काम पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतिमा करतात, आणि म्हणूनच तेथे प्रतीकांचा अभ्यास अगत्याचा ठरतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. संकेत आणि प्रतीक या एकच गोष्टी नव्हेत. रस्त्यावरचा तांबडा दिवा हा संकेत आहे. त्याचा अर्थ 'थांबा' एवढाच, आणि तो सर्वत्र सारखा. प्रतीकाचा अर्थ मात्र त्या त्या कृतीत घडत जातो. 'पाणी म्हणजे जीवन' हे उत्तर घेऊन आपण या कवितेकडे गेलो, तर चौथ्या खंडातच अडतो; तेथे फ्लीबस नावाचा फिनिशियन खलाशी पाण्यात बुडून मेलेला आहे. पाचव्या खंडात नुसता खडक आहे, गडगडाट आहे आणि पाण्याची तहान आहे. तिसऱ्या खंडातील थेम्स नदीच्या पाण्यावर तेल आणि डांबर आहे. एकाच कवितेत पाणी मारते, हुलकावणी देते आणि मलिनही होते. छापील तक्त्यातला अर्थ येथे पुरा पडत नाही.

आता अग्नीकडे वळू. या खंडाचे नाव एलियटनी भगवान बुद्धांच्या 'आदित्तपरियाय सुत्ता'वरून घेतले. कवितेस जोडलेल्या टिपांत त्यांनी तसे नमूद केले असून, महत्त्वाच्या दृष्टीने हा उपदेश ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाच्या तोडीचा मानला आहे. हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लॅनमन यांच्या हाताखाली त्यांनी संस्कृत व पाली यांचे अध्ययन केले होते. हेन्री क्लार्क वॉरन यांनी पाली वाङ्मयातील निवडक वेच्यांचे केलेले इंग्रजी भाषांतर १८९६ साली हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले होते; टिपांमध्ये त्याचाही उल्लेख आहे.

सुत्ताचा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात काश्यप बंधूंची कथा आपण वाचतो. ते जटाधारी, अग्नीची उपासना करणारे. भिक्खू झालेल्या अशा एक हजार जटिलांना भगवंतांनी गयाशीर्ष येथे हा उपदेश केला. ज्यांनी आयुष्यभर बाहेरचा अग्नी जोपासला, त्यांना आतल्या अग्नीकडे पाहावयास सांगितले. डोळा जळतो आहे, डोळ्याला दिसणारे रूप जळते आहे, त्यातून उपजणारी वेदना जळते आहे; आणि जाळणारा अग्नी आहे राग, द्वेष व मोह यांचा. मग कान, नाक, जीभ, काया आणि मन यांच्याविषयीही तेच सांगितले आहे. श्रोत्यांच्या नित्याच्या वस्तूतूनच नवा अर्थ उभा करण्याची ही रीत पाहिली, म्हणजे प्रतीक कसे घडते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

हे सुत्त मनात ठेवून आम्ही तिसरा खंड पुन्हा वाचला. खंडाच्या मध्यभागी संध्याकाळी कामावरून परतलेली एक टंकलेखिका आहे. ती डब्यातले अन्न मांडते. एक कारकून तरुण येतो. तिला इच्छा नाही, विरोधही नाही. त्याला तिच्या प्रतिसादाची गरजही वाटत नाही. तो निघून गेल्यावर 'झाले एकदाचे' असा अर्धवट विचार तिच्या मनात येतो आणि ती ग्रामोफोनवर तबकडी लावते. हे सारे पाहणारा आहे ग्रीक पुराणातील टायरिसिअस, आणि तो आंधळा आहे! त्याला जे दिसते तोच कवितेचा गाभा, असे एलियट टिपेत म्हणतात.

सुत्तातील क्रम आठवावा. तेथे आरंभ डोळ्यापासून आहे. येथे पाहणाऱ्याचे डोळेच गेलेले आहेत. कानाला ग्रामोफोन आहे, जिभेला डब्यातले अन्न, कायेला प्रेमावाचूनचा स्पर्श, आणि मनाला अर्धा विचार. एलियटनी हे असेच योजले होते, असा आमचा दावा नाही. हे आमचे वाचन आहे. पण या वाचनाने त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला दिशा मिळाली. ज्वाळा दिसत नाहीत, कारण हा अग्नी धुमसणारा आहे. जळणाऱ्यांना आपण जळतो आहोत याची जाणीवही उरलेली नाही. सुत्तातील तीन अग्नींपैकी मोहाचा अग्नी असा असतो, असे आम्हांस वाटते.

खंडाच्या अखेरीस मात्र जळण्याचा शब्द उघडपणे येतो, आणि त्याच्या शेजारी ख्रिस्ती संत ऑगस्टीन यांच्या आत्मकथनाचा तुकडा ठेवलेला आहे. पूर्व आणि पश्चिम येथील वैराग्याचे दोन प्रतिनिधी आपण हेतुपूर्वक एकत्र आणले, असे कवीच सुचवितो. शेवटी जळण्याचा तो एकच शब्द उरतो आणि खंड थांबतो.

आमच्या मते येथेच सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. सुत्त तेथे थांबत नाही. हे जळणे जो पाहतो त्याला निर्वेद येतो, निर्वेदातून विराग आणि विरागातून मुक्ती, असा त्याचा उत्तरार्ध आहे. आणि उपदेश ऐकता ऐकता त्या हजार भिक्खूंची चित्ते मुक्त झाली, असे पाली ग्रंथ सांगतो. एलियटनी पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्ध बाहेर ठेवला. मुक्तीच्या जागी पुढचा खंड येतो, तो बुडालेल्या खलाशाचा. ज्याला सुत्त ठाऊक नाही, त्याला ही रिकामी जागा दिसत नाही. आमच्या विद्यार्थिनीला ती दिसली, कारण सुत्ताचा शेवट तिने लहानपणी वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकला होता. इंग्रजी कविता आपल्यासाठी नाही, असा न्यूनगंड घेऊन महाविद्यालयात गेलेल्या मुलीजवळ त्या कवितेची एक किल्ली घरूनच आलेली होती.

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. या कवितेत बुद्धवचन आहे, यावरून तिला बौद्ध कविता म्हणणे सत्यास धरून होणार नाही. तिच्या अखेरच्या खंडात बृहदारण्यक उपनिषदाचा आधार आहे, ख्रिस्ती कथांचे धागे आहेत, आणि पुढे १९२७ साली एलियटनी इंग्लंडच्या चर्चची दीक्षा घेतली. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण अभिमान हे वाचन नव्हे. जे आपल्याला हवे तेवढेच कवितेत पाहणे हीदेखील मार्गदर्शिकेचीच चूक, फक्त उलट बाजूने केलेली.

या अभ्यासातून आम्ही विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी निश्चित केल्या. प्रतिमा कोठे कोठे येते ते प्रथम वहीत उतरवावे. प्रत्येक ठिकाणी तिच्या शेजारी काय आहे ते पाहावे. ती दुसऱ्या ग्रंथातून आली असल्यास मूळ ग्रंथ उघडावा आणि काय घेतले, काय वगळले याची नोंद करावी. शेवटी अर्थ सांगावा, आणि एखादी ओळ त्या अर्थाला विरोध करीत असेल तर ओळ न दडपता अर्थ बदलावा. मराठीत बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेतील पिंपात मेलेले उंदीर याच रीतीने वाचता येतील. 'उंदीर म्हणजे सामान्य माणूस' एवढे लिहून गुण मिळतात, कविता मिळत नाही.

'एहिपस्सिको', म्हणजे 'या आणि पाहा', हे धम्माचे एक लक्षण आपण नित्य वंदनेत म्हणतो. साहित्याच्या अभ्यासालाही ते लागू आहे. म्हणून पालकांना आमची एक विनंती आहे. मूल कविता वाचत असेल, तेव्हा 'उत्तर पाठ झाले का?' असे न विचारता 'हे तुला कुठल्या ओळीत दिसले?' असे विचारावे. त्यासाठी स्वतः कविता शिकलेले असण्याची गरज नाही. मुलाने ओळीवर बोट ठेवले, की अभ्यास सुरू झाला असे समजावे.