तीन दिवसांत छापून मिळणारा पेपर

जठारपेठ, अकोला

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली जाहिरात वाचली. तीन दिवसांत प्रकाशन, फी पंधराशे रुपये, प्रमाणपत्र मोफत, वर आयएसएसएन, ‘पीअर रिव्ह्यूड’ आणि आठाच्या वर इम्पॅक्ट फॅक्टर. खाली तुझा प्रश्न, मामा, पाठवू का?

नको पाठवू. उत्तर एवढंच आहे. पण काहून नको ते सांगितलं नाही, तर पुढच्या महिन्यात दुसरी जाहिरात येईल आणि तू तिला भुलशील, म्हणून जरा लांबवतो.

तुझा विषय एकोणिसाव्या शतकातला खामगावचा कापूस बाजार. तो जाणणारी, मूळ कागद पाहिलेली माणसं महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतली दोघं गाठायची, त्यांनी सवड काढून तुझी पंचवीस पानं वाचायची, शंका लिहून पाठवायच्या, तू त्यांना उत्तरं द्यायची आणि मग संपादकानं ठरवायचं. हे तीन दिवसांत कसं होईल? होत नाहीच. तीन दिवसांत फक्त पैसे जमा होतात.

आणि त्या बिरुदांना दबू नकोस. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाच्या ओळखीचा क्रमांक. आत काय छापलंय याच्याशी तो देणाऱ्याला काही घेणं नाही. डीओआयचंही तेच, तो लेखाचा कायमचा पत्ता. तिथे राहणारा सज्जन आहे की नाही हे पत्त्यावरून कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट नावाची कंपनी दरवर्षी काढते. त्याच्यासारखीच नावं लावून मनाला येईल तो आकडा विकणारी दुकानं वेगळी आहेत आणि तुझ्या जाहिरातीतला आठ तिथलाच दिसतो.

आता तुला आपल्याच मुलखातली एक हकीकत सांगतो. तू इतिहासाची आहेस, तुला गोडी वाटेल.

1939 मध्ये वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट उजेडात आले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि त्यांचे सहकारी महाजन यांनी भारतीय इतिहास परिषदेच्या वृत्तान्तात त्यांचं पहिलं वाचन छापलं. पुढे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी त्याच महाजनांना बरोबर घेऊन ‘एपिग्राफिया इंडिका’त ते पुन्हा संपादित केले. यातून वत्सगुल्म म्हणजे वाशीमची वाकाटकांची वेगळी शाखा सिद्ध झाली. पण खरी गंमत पुढे आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वाकाटक लेख त्याआधीच वाचून झाला होता. 1860 च्या दशकात भाऊ दाजी लाडांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो दिला होता आणि 1880 च्या दशकात ब्यूलर या जर्मन पंडितानं नव्यानं संपादला होता. ब्यूलर म्हणजे त्या काळचं केवढं नाव! वाशीमचे पट हाताशी आल्यावर मिराशी त्या झिजलेल्या अक्षरांकडे परत गेले आणि त्यांनी दाखवलं, की ब्यूलरना जिथे रुद्रसेन दिसला तिथे सर्वसेन आहे. राजांची वंशावळच बदलली.

हे जमलं कशामुळे? मिराशींची विद्वत्ता होतीच. पण भाऊ दाजींचं वाचन, ब्यूलरचं वाचन, देशपांडे-महाजनांचं वाचन, सगळं कुठे ना कुठे नीट छापून, बांधून, ग्रंथालयात ठेवलेलं होतं. वाचनाच्या जोडीला ठसेही छापले जात, म्हणजे वाचणाऱ्याला शंका आली तर त्यानं स्वतः अक्षर लावून पाहावं. आधी कोणी काय म्हटलं ते नावानिशी सांगायचं, आपण कुठे वेगळे पडतो तेही सांगायचं. आज पब्लिकेशन एथिक्स म्हणून जे शिकवतात त्यातलं अर्धंअधिक यात आलं. आपली चूक कोणाला तरी सापडू शकेल अशा जागी लिहायचं, बाकी काही नाही. तुझ्या पंधराशे रुपयांच्या जागी चूक सापडणार नाही, कारण तिथे कोणी वाचतच नाही. वर्षभरानं ती वेबसाइटही सापडली तर नशीब समज.

ही दुकानं का चालतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 2009 च्या यूजीसी नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापलेला हवा असं ठरवलं, 2010 मध्ये बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजण्याचे, गुण आले. लाखभर मास्तर एकदम पेपराच्या मागे लागले, आणि मागणी तिथे पुरवठा. 2022 मध्ये पीएच.डी.ची ती सक्ती उठली, बढतीची कटकट उरलीच आहे. मार्च 2018 मध्ये पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी छापली. यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेल्या नियतकालिकांपैकी 1,009 त्यांनी पारखली. एक तृतीयांशाहून जास्त नियतकालिकांचा पत्ता, वेबसाइट किंवा संपादकांची नावं अशी साधी माहितीच नव्हती वा चुकीची होती. निम्म्याहून जास्त खोटं सांगत होती, कोणाचा आयएसएसएन चुकीचा तर कोणाचा इम्पॅक्ट फॅक्टर बनावट. एकूण 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची निघाली. शिफारशी कोणी केल्या होत्या? विद्यापीठांनी, म्हणजे आपणच. मे 2018 मध्ये यूजीसीनं 4,305 नावं काढली, त्यात सुक्याबरोबर काही ओलंही जळलं. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून मान्य नियतकालिकांची नवी केअर यादी सुरू झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. यूजीसी आता निकष सुचवते, निवड संस्थेनं आणि तुम्ही करायची. तुमच्या स्टाफरूममध्ये यावर आनंद झाला असेल. मला तो अकाली वाटतो. यादी होती तेव्हा यादीला दोष देता येत होता.

दुसरी गोष्ट तू ओझरती लिहिलीस, पण मला तीच जास्त खुपली. विभागप्रमुख म्हणतात, माझं नाव दुसरं टाक. त्यांनी एक कागद पाहिला नाही, एक ओळ लिहिली नाही. बाई गं, यामागचं गणित ठाऊक आहे ना? 2018 च्या नियमांत तुमच्या विषयातल्या पेपराला 10 गुण. दोन लेखक असले तर प्रत्येकाला त्याचे 70 टक्के, म्हणजे सात आणि सात. एकट्यानं लिहिलं तर दहा, दोघांची नावं घातली तर मिळून चौदा! असा नियम केल्यावर माणसं नावं का वाटणार नाहीत? तरी तू वाटू नकोस. उद्या एखादा आकडा चुकीचा निघाला तर त्याचं उत्तर देऊ शकेल तो लेखक. ज्यांनी कागद दिले, वाट दाखवली, त्यांच्यासाठी ऋणनिर्देश असतो, तिथे दोन ओळी भरभरून लिही. सरांना सांगताना माझ्यावर ढकल. मामा म्हातारा आणि हेकट आहे, तो ऐकत नाही, असं खुशाल सांग.

आता तुझ्या मसुद्याबद्दल. खामगावच्या बाजाराचे आकडे तू लायलच्या 1870 च्या वऱ्हाड गॅझेटियरच्या नावावर दिलेस, पण वाक्यरचना अलीकडच्या एका प्रबंधातली आहे, ती मला ओळखू आली. लायल पाहिला नसशील तर प्रबंधाचंच नाव दे. पाहणं जमत असेल तर पाहाच, तो स्कॅन होऊन आलेला आहे. उसनी तळटीप फार वाईट. पहिल्यानं आकडा उतरवताना चूक केली असेल, तर तीच चूक तुझ्या सहीनं पुढे जाते. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवरही विसंबू नकोस. यूजीसीचा 2018 चा नियम दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा करत नाही, प्रबंधात साम्य साठाच्या वर गेलं तर नोंदणी रद्द करतो, हे खरं. पण इंग्रजी उतारा मराठीत करून घातला तर त्या यंत्राला बहुधा पत्ताही लागत नाही. शून्य टक्के दाखवणारी चोरीही चोरीच. चॅटजीपीटीला संदर्भ विचारशील तर प्रत्येक पुस्तक, प्रत्येक पान स्वतः उघडून पाहा. ते अस्तित्वात नसलेली पुस्तकंही मोठ्या आत्मविश्वासानं सांगतं. मदत घेतलीस तर तसं लिही. चुकीचं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.

मोठ्या नावाच्या प्रकाशकाकडे गेलं म्हणजे काळजी मिटली असंही नाही. वायली या जुन्या कंपनीनं विकत घेतलेल्या हिंदावीला 2023 या एका वर्षात आठ हजारांहून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. म्हणून नाव पाहण्याआधी मागचे दोन-तीन अंक वाच. तुझ्या विषयाचं कोणी लिहितं का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांना आपण तिथे असल्याचं माहीत तरी आहे का, हे बघ. मराठीत लिहायचं तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ पाहा. इंग्रजीत जायचं असेल तर ‘इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू’ आहे, मुंबईचं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आहे. एका वेळी एकाच ठिकाणी पाठव. नकार आला की मगच दुसरीकडे. नकार येईल, बहुतेक येईलच. सोबत परीक्षकाचे शेरे आले तर ते फुकटची शिकवणी समज. शब्द कडू असतील, तरी वाच.

त्याच जाहिरातवाल्यांनी तुला संपादक मंडळावर बोलावलंय म्हणतेस. त्या पत्राला उत्तर देऊ नकोस आणि आपला फोटो, बायोडेटा तर मुळीच पाठवू नकोस. आधी पाठवला असशील तर नाव काढा असं ई-मेलनं लेखी कळव आणि त्याची प्रत जपून ठेव.

लायलचं मूळ पान सापडलं की आकडा जुळतो का ते कळव. जुळला नाही तर मसुद्याचं तिसरं पान पुन्हा लिहावं लागेल, त्यावर बसू. तुझ्या आईला नमस्कार.

तुझा,
मामा