घरांत आमरी किती वाढते?

झाडावर राहणाऱ्या आमरीस पुष्कळ शेतकरी बंधु बांडगूळ समजतात. परंतु ती झाडाचा रस शोषीत नाहीं, केवळ आधार घेते. म्हणूनच ती घरांतही वाढते. सिक्कीमचें राज्यपुष्प असलेली डेंड्रोबियम नोबिले ही हिमालयाकडील जात पाहावी. कुंडींत तिची कांडी दीड ते दोन फूट उंच होते. पुढें दरवर्षीं बुडाशीं नव्या कांड्या फुटून ठोंब मात्र रुंदावतो. हिवाळ्यांत जुन्या कांड्यांचीं पानें गळतात. आम्हीं ती मेली समजून पाणी वाढविलें आणि मुळें कुजविलीं! त्या काळीं पाणी अगदीं थोडें, उजेड भरपूर व रात्रीं गारवा द्यावा. नाहींतर फुलांऐवजीं पेरांवर रोपेंच फुटतात. निष्पर्ण कांडी कापूं नये. पुढील फुलें तिच्यावरच यावयाचीं असतात.