उत्तेजित अणू प्रकाश केव्हा देतो?

आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. दिवाळीच्या सुट्टीत आईने विचारले, "तू कॉलेजात शिकतेस ना? मग हे पिवळे कशाने होते ते सांग." कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. "मीठ जळते," असे सांगून मी वेळ मारून नेली. मनाला ते लागून राहिले. पुढे ग्रंथालयात वाचून जे समजले ते येथे मांडते.

मिठात सोडियम असते. ज्योतीच्या उष्णतेने त्याचे अणू सुटे होतात. वेगवान कणांची टक्कर बसली की अणूतील सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. अशा अणूला 'उत्तेजित' म्हणतात. इलेक्ट्रॉन खाली परतताना दोन पातळ्यांमधील ऊर्जेचा फरक प्रकाशरूपाने बाहेर पडतो. ही उपपत्ती नील्स बोर यांनी १९१३ साली मांडली. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेले. सोडियमचा ठळक प्रकाश सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पिवळा. तेव्हा मीठ जळत नसते. ज्योतीकडून घेतलेली ऊर्जाच अणू परत करीत असतो.

हे झाले 'कसा' याचे उत्तर. 'केव्हा' हा प्रश्न अधिक अवघड आहे. एका सेकंदाचे सहा कोटी भाग केले, तर त्यांतील साधारण एका भागाइतका वेळ सोडियमचा अणू या उत्तेजित अवस्थेत राहतो. पण ही झाली सरासरी. एखादा अणू नेमका केव्हा प्रकाश देईल, हे सांगता येत नाही.

मला नागपंचमीच्या लाह्या आठवल्या. कोणता दाणा केव्हा फुटेल हे आईला सांगता येत नाही. पण घाणा केव्हा उतरवायचा ते तिला बरोबर कळते. मात्र येथे एक फरक आहे. ज्वारीचे दाणे सारखे नसतात. एखादा जास्त ओलसर, एखाद्याचे साल जाड. सोडियमचे अणू तंतोतंत सारखे असतात, तरीही एक आधी प्रकाश देतो, दुसरा मागाहून. बराच वेळ थांबलेल्या अणूची 'वेळ भरत आली' असेही होत नाही; पुढच्या क्षणी प्रकाश देण्याची त्याची शक्यता पूर्वीइतकीच राहते.

आइन्स्टाइन यांनी १९१६ साली हे शक्यतेच्या भाषेत मांडले. आणि प्रकाश बाहेर पडण्याची वेळ योगायोगावर सोपवावी लागते, ही आपल्या उपपत्तीची उणीव असल्याचे स्वतःच नमूद केले. पुढे पुंजयामिकीने ही शक्यता किती, ते गणिताने काढून दाखविले. नेमका क्षण तिलाही सांगता येत नाही.

पुढच्या सुट्टीत आईला म्हटले, "मीठ जळत नाही. मी तेव्हा चुकीचे सांगितले होते." मग हे सारे तिला समजावले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे केव्हा ते कुणालाच सांगता येत नाही?"

"नाही," मी म्हणाले. या वेळी लाज वाटली नाही.